किंवा नंतरची कोणतीही

फोन वाजला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. समोर स्टुलावर एक बाई नवी काळी पँट घालून उभी होती आणि ती गुडघ्यांवर बसून पँटची तळची घडी सारखी करत होती. लोक दुकानात तयार कपडे घ्यायचे, ते अंगाला नीट बसायचे नाहीत, मग मागच्या खोलीत तिच्याकडे यायचे. उंची कमी करणे, कंबर सोडणे, बाही आत घेणे एवढंच तिचं काम. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. "घ्या हो, मी काही पळून जात नाही," स्टुलावरची बाई म्हणाली, "या टाचण्यांनिशी पळणार तरी कुठे?" तिने टाचण्या तळहातावर काढून घेतल्या आणि फोन कानाला लावला. पलीकडच्या पुरुषाने तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "त्यांच्या वारसदार आपणच ना?"

नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा काही महिने ती सगळीकडे वारसदार होती. घराच्या कागदांवर, स्कूटरच्या कागदांवर, तो नोकरी करायचा त्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात. मग एकेक काम संपलं आणि तो शब्दही थांबला. मिळण्यासारखं जे होतं ते मिळून झालं, असं तिने धरलं होतं. "कुठल्या ऑफिसातून बोलताय?" तिने विचारलं. "ऑफिस नाही," तो म्हणाला. "मी फिजिओथेरपिस्ट आहे. पण फोन त्यासाठी नाही. आम्ही काही लोक मिळून एक प्रोग्रॅम चालवतो, पडद्यावरचं वाचून दाखवणारा. आंधळ्यांसाठी. मीही त्यातलाच. तुमच्या मिस्टरांच्या त्यात ओळी आहेत, त्याबद्दल परवानगी हवी होती." "कसल्या ओळी?" "आकड्यांच्या." तिला काही कळलं नाही. नंतर फोन करते म्हणून तिने तो ठेवला, टाचण्या पुन्हा तोंडात घेतल्या आणि काम पुरं केलं. बाई आरशात वळली आणि म्हणाली, "उजवा पाय जरा लांब वाटतोय का हो?" पाय लांबच होता, चांगला अर्धा इंच. अशी चूक तिच्या हातून कधी झाल्याचं तिला आठवेना. तिने उजवी घडी सोडली.

आकड्यांच्या ओळी. दुपारभर शिवणयंत्रावर ते दोन शब्द तिच्या पायाशी घुटमळत राहिले. नवरा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो एवढं तिला माहीत होतं. त्याची नोकरी जलशुद्धीकरणाच्या नियंत्रण खोलीत, काटे बघायची. काटे सहसा जागचे हलत नसत आणि हललेच तर काय करायचं ते भिंतीवर लिहिलेलं होतं, त्यामुळे पाळीतला बराच वेळ उरायचा. त्या वेळात तो प्रोग्रॅम लिहायला शिकला. काही लोक अशा वेळात पत्ते खेळतात, तसं ती हे धरून चालली होती. मग तिला ते टेबल आठवलं. घरचं इस्त्रीचं टेबल, एका टोकाला ती कोणाचा तरी कोट उसवतेय, दुसऱ्या टोकाला त्याचा लॅपटॉप, आणि मधूनच त्याचे प्रश्न. "तू साडेतीन म्हणतेस, साडेचार म्हणतेस. मग साडेदोन का म्हणत नाहीस?" "अडीच असताना साडेदोन कोण म्हणेल?" "यंत्र म्हणेल." "मग यंत्राला अक्कल नाही." "तेच तर शिकवतोय. आणि पावणेदोन म्हणतेस, पण पावणेएक?" "पाऊण." "शंभराच्या हिशोबात असलं तर?" "पाऊणशे. सव्वाशे. दीडशे. पावणेदोनशे. अहो, मला हे उद्या द्यायचंय, तुम्ही आईंना विचारा ना." तो आईला विचारायचा नाही. तिच्या हातात दिवसभर टेप असायची आणि पावणेतेरा, साडेछत्तीस हे तिच्या तोंडातून टेप न बघता बाहेर पडायचं, म्हणून तो तिलाच विचारायचा आणि टाइप करायचा. तो तिची थट्टा करतोय, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती त्या फिजिओच्या दवाखान्यात गेली. फोनवर समजून घेण्यातलं हे नव्हतं. लांबट खोली, दोन समांतर दांड्या, भिंतीला लावलेल्या रबरी पट्ट्या, आणि पलंगावर एक म्हातारे गृहस्थ पाय वर उचलून धरलेले. फिजिओ त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभा होता आणि ते गृहस्थ चडफडत होते, "अहो, मोजता की नाही?" "मोजतोय, पण मनात. मोठ्याने मोजलं की तुम्ही आधीच पाय खाली टाकता." तिचा आवाज ऐकून तो वळला, तिच्या चेहऱ्याच्या थोडं डावीकडे बघत हसला आणि म्हणाला, "या वहिनी." तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं. "तुमची आणि ह्यांची ओळख होती?" "भेट कधीच नाही. पण वर्षानुवर्षं लिहून बोलायचो. त्यांच्या बायकोला काय म्हणणार मग?"

त्याने फोन काढला. फोनमधून फोडणी तडतडावी तसा आवाज आला, एकही शब्द वेगळा नाही. तो या वेगाने ऐकायचा. तिच्यासाठी त्याने वेग उतरवला आणि एक यंत्राचा सपाट आवाज म्हणाला, "पावणेबारा." घड्याळात पावणेबाराच वाजले होते. "थांबा," ती म्हणाली, "पंचाहत्तर टाका." आवाज म्हणाला, "पाऊणशे." तिला हसू आलं आणि ते आवरेपर्यंत वेळ गेला. "यावर मला तक्रारी येतात," फिजिओ म्हणाला. "नव्या पोरांना पाऊणशे म्हणजे किती ते कळत नाही. कोण म्हणतं आता पाऊणशे?" "मी म्हणते." "अच्छा, म्हणजे आरोपी सापडला." पलंगावरचे गृहस्थ म्हणाले, "मीही म्हणतो. आणि माझा पाय अजून वर आहे."

"मग बदलून टाका ना," ती म्हणाली. "परवानगी कशाला हवी?" फिजिओने स्टूल ओढून घेतलं. "ओळी कोणीही बदलू शकतं, वहिनी. उद्या सकाळी पाऊणशेचं पंचाहत्तर करीन, तुम्हाला विचारणारही नाही. तो हक्क त्यांनीच सगळ्या जगाला दिलाय. पण कुठल्या अटींवर दिलाय, त्या अटी बदलायच्या तर ज्याच्या ओळी त्यालाच विचारावं लागतं. म्हणजे आता तुम्हाला." अटी कशाला बदलायच्या, तेही त्याने सांगितलं. जुना आवाज नव्या फोनांवर चालत नव्हता आणि लवकरच कुठेच चालणार नव्हता. दुसऱ्या काही लोकांनी नवा आवाज तयार केला होता, तोही फुकट, तोही सगळ्यांना खुला, फक्त त्याचा परवाना वेगळा, अपाची नावाचा. आपल्या प्रोग्रॅमचा परवाना जीपीएल, दुसरी आवृत्ती. "दोन्ही भले आहेत. दोन्ही म्हणतात घ्या, वापरा, बदला, वाटा. पण आपल्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलंय की आमच्या अटींवर कोणी आणखी एकही अट घालायची नाही. आणि अपाचीत एक अट जास्त आहे, पेटंटची. त्या कामावर कोणी पेटंटचा खटला भरला तर त्या कामापुरता त्याला मिळालेला पेटंटचा हक्क संपला." "चांगली आहे की अट." "चांगलीच आहे. पण जास्त आहे. म्हणून दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये घालून वाटता येत नाहीत." पुढे जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिला ती जास्तीची अट चालत होती. बाकी सगळ्यांना त्याची अडचण नव्हती, कारण आपल्या ओळींवर परवाना लिहिताना सगळ्यांनी ठरलेलं वाक्य चिकटवलं होतं: दुसरी आवृत्ती, किंवा नंतरची कोणतीही. "ते वाक्य कोणी वाचतसुद्धा नाही. तुमच्या मिस्टरांनी वाचलं. आणि शेवटचे शब्द काढून टाकले. फक्त दुसरी."

ते खरं असणार, याबद्दल तिला क्षणभरही शंका आली नाही. "मी नाही म्हटलं तर?" "तर त्यांच्या ओळी काढून टाकू. त्या ज्याने कधी बघितल्याच नाहीत असा कोणीतरी शोधू आणि त्याच्याकडून तो भाग पहिल्यापासून लिहून घेऊ. करील तो. साडेदोन वाजले म्हणेल काही दिवस, मग शिकेल." तो आग्रह करत नव्हता. त्याने केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, म्हणजे आग्रहाला नाही म्हणता आलं असतं. "जिवंतपणी का नाही विचारलंत त्यांना?" "विचारलं होतं. दोन हजार सातला, तिसरी आवृत्ती आली तेव्हाच. उत्तर आहे माझ्याकडे." त्याने पुन्हा फोन चाचपला आणि त्या सपाट आवाजाने तिच्या नवऱ्याचं वाक्य वाचलं: "वाचून सांगतो." "मग?" "मग काही नाही. मी दोनदा आठवण केली. नंतर संकोच वाटला. आजारी आहेत असं कळलं."

परत जाताना बसमध्ये ती सालं जुळवत बसली. फिजिओने सांगितलेलं वर्ष म्हणजे लेक प्राथमिक शाळेत होती ते. आजार तेव्हा कुठेच नव्हता. त्यानंतर नवरा कितीतरी वर्षं धडधाकट होता, घराला रंग त्याने स्वतः दिला होता, पाळ्या केल्या होत्या, इस्त्रीच्या टेबलाशी बसून तिला छळलं होतं. त्याला वेळ होता. तरी त्याने ते वाचलं नव्हतं किंवा वाचून सांगितलं नव्हतं. मिक्सरचं हमीपत्रसुद्धा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. घर घेताना त्याने करारातला एक शब्द बदलून घेतला होता आणि त्यापायी बिल्डरच्या कारकुनाने तिच्याकडे असं पाहिलं होतं की हिचं कसं होणार. तिचं तसं बरं चाललं होतं. वाचणाऱ्या माणसाबरोबर राहिलं की आपल्याला वाचावं लागत नाही. ती कुठेही डोळे मिटून सही करायची, कारण कागद तिच्यापर्यंत यायच्या आधी त्याच्या चष्म्याखालून गेलेला असायचा.

लेकीला तिने जेवताना सांगितलं. लेक आता नोकरीला लागली होती आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर फोनवरून नजर न काढता द्यायची. या वेळी तिने नजर काढली. "म्हणजे बाबांचं लिहिलेलं रोज कोणीतरी ऐकतंय? आणि तू विचार कसला करतेयस? हो म्हण. ठेव ते. पुसून कशाला टाकायचं?" दीर नेमके त्या दिवशी आले होते. नवऱ्याहून लहान, शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि भाऊ गेल्यापासून भावाच्या बाजूने बोलायची जबाबदारी आपली आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "पुसायचं नाही म्हणून दादाचा शब्द मोडायचा?" ते म्हणाले. "त्याने 'फक्त' असं लिहिलंय ना? मग संपलं. माणूस गेला म्हणून त्याच्या नाहीचं हो होत नाही." "काका, प्रोग्रॅम आहे तो, मृत्युपत्र नाही." "तू गप. वहिनी, एकदा तू केलंस तसं. पुन्हा नको करूस." लेक म्हणाली, "काका, हे फार झालं हं." तिने दिरांच्या ताटात भात वाढला. त्यांनी तो कालवायला घेतला.

एकदा केलं ते हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्सने संमतीचा कागद आणला. नवऱ्याने तो पलंगावर बसून वाचला, पेन मागितलं आणि एक ओळ खोडली: आणि आवश्यकता भासल्यास अन्य कोणतीही प्रक्रिया. नर्स म्हणाली की असं खोडता येत नाही. तो म्हणाला, खोडलं की आत्ता. सर्जन आले, कपाळाला आठ्या घालून त्यांनी खोडलेल्या ओळीशेजारी सही केली. दुसऱ्या दिवशी ते हिरव्या टोपीनिशी बाहेर आले तेव्हा ती बाकावर बसली होती आणि दीर चहा आणायला गेले होते. आत वाटलं होतं त्याहून जास्त पसरलंय, ते म्हणाले, काढायचं असेल तर आत्ताच, त्यांनी नाही लिहून ठेवलंय, तुम्ही सांगा. त्यांच्या हातमोज्यांकडे बघत तिने सही केली. कागदावर काय होतं ते तिला आजही सांगता आलं नसतं. दीर चहा घेऊन आले तोवर दार बंद झालं होतं. नवरा त्यानंतर दीड वर्ष जगला. त्यातलं पहिलं वर्ष चांगलं होतं. शुद्धीवर आल्यावर, बऱ्याच दिवसांनी, त्याने एकदाच विचारलं होतं. "तुला विचारलं का त्यांनी?" "हो." "वाचलंस?" "नाही." तो खिडकीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "उशी जरा वर कर." त्या दीड वर्षाबद्दल तिला कधी पश्चात्ताप झाला नाही. पुन्हा तीच वेळ आली तर ती पुन्हा तेच करील, आणि पुन्हा न वाचता करील, हेही तिला पक्कं माहीत होतं. खिडकीकडे बघणाऱ्या त्या चेहऱ्याचा अर्थ मात्र तिला कधी लागला नव्हता. राग असता तर तिला ओळखता आला असता.

तिने लेकीकडून तिसरी आवृत्ती फोनवर उतरवून घेतली आणि दुसरीही. रोज दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत, अर्धवट शिवलेल्या कपड्यांच्या दांडीखाली बसून ती वाचू लागली. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. वाक्यं एवढी लांब होती की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटायची. मग ती उसवायला बसावं तशी बसली. कोट उसवताना आधी अस्तर सुटतं, मग आतली गादी, मग शिंप्याने कुठे वेळ काढला आणि कुठे मारून नेलंय ते दिसतं. इथेही दिसायला लागलं. काही कलमं कोणाशी तरी भांडण झाल्यावर लिहिलेली वाटत होती. काही नुसतीच सावधपणाची. अडलं की ती फिजिओला फोन करायची आणि तो दोन रुग्णांच्या मध्ये उत्तर द्यायचा. "वहिनी, तुम्ही खरंच वाचताय?" "मग तुम्ही काय केलंत?" "मी ऐकलंय. भरभर." "म्हणजे नाही." "म्हणजे नाही," त्याने कबूल केलं.

तिला वाटत होतं की वाचता वाचता कुठेतरी एक जागा येईल आणि ती थांबेल, की हे त्याला चाललं नसतं, यासाठीच त्याने शब्द काढले होते. पण त्याने ते काढले तेव्हा तिसरी आवृत्ती जन्मालाच आली नव्हती. त्याने कशाला नाही म्हटलं नव्हतं, न पाहिलेल्याला हो म्हणायचं तेवढं टाळलं होतं. आणि पुढे ती आल्यावर, वाचून सांगतो म्हणाल्यावर, कदाचित याच लांब वाक्यांमध्ये कुठेतरी, तिसऱ्या नाहीतर चौथ्या पानावर, त्याला कंटाळा आला होता. हा विचार आला तेव्हा ती वाचायची थांबली. सगळं वाचणारा माणूस कंटाळला. त्याने ते बाजूला ठेवलं, विसरला, किंवा विसरला नाही आणि कोणाला सांगायची लाज वाटली. तिने त्याला कधी कंटाळलेला पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला असेल, पण तेव्हा तो काहीतरी खोल विचार करतोय असं तिला वाटलं असेल. खिडकीकडे बघतानाही.

आठव्या कलमाशी ती पुन्हा थांबली. जुन्या आवृत्तीत कोणी अट मोडली की त्याचा हक्क तिथल्या तिथे संपत होता. नव्या आवृत्तीत ज्याने पहिल्यांदाच मोडली आणि मुदतीत सुधारली, त्याला हक्क परत मिळत होता. तिने ते दोनदा वाचलं. नवऱ्याला हे आवडलं असतं का, याचा तिने अंदाज घेऊन पाहिला, दोन्ही बाजूंनी घेतला, आणि काही लागेना. तिला स्वतःला ते आवडलं होतं. पेटंटचं कलम मात्र तिला आवडलं नाही, फार पसरट होतं, पण त्यात खोट सापडली नाही. बाहेर दुकानाचं शटर वर गेलं आणि कोणीतरी ओरडून विचारलं की लग्नाचा कोट तयार आहे का. तयार नव्हता.

रविवारी तिने फिजिओला फोन लावला. लेक तिथेच केस विंचरत बसली होती. "तिसरी चालेल," ती म्हणाली. पलीकडे तो एकदम सुटल्यासारखा हसला. "छान झालं, वहिनी. मग असं लिहितो, दुसरी किंवा नंतरची कोणतीही. सगळ्यांचं आहे तसंच." "नाही. दुसरी किंवा तिसरी." "म्हणजे?" "नंतरच्या मी वाचलेल्या नाहीत." "अहो, त्या अजून आलेल्याच नाहीत." "मग आल्यावर विचारा." त्याचं हसणं ओसरलं. मग जपून म्हणाला, "वहिनी, चौथी कधी येईल कोणालाच माहीत नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. तेव्हा पुन्हा हे सगळं शोधत यायचं आणि तेव्हा तुम्ही..." "तेव्हा मी नसले तर लेकीला विचारा." लेकीचा कंगवा थांबला. "मला? मला कशाला मध्ये घेतेस?" "वाचायला." "आणि काकांना काय सांगणार आहेस?" "काकांना तू सांग. तू फार झालं म्हणालीस की ते ऐकतात."

फोनवर फिजिओच्या बोटांचा आवाज येत होता. "दुसरी किंवा तिसरी," तो बोलत बोलत लिहीत होता. "तसं चालतं. तेवढ्याने नवा आवाज बसतो. आता खाली परवानगी देणाऱ्याचं नाव लागेल. त्यांच्या वतीने, असं लिहू?"

दिरांना हे आवडलं असतं. त्यांच्या वतीने म्हटलं की शब्द मोडल्यासारखा दिसला नसता, नवऱ्यानेच विचार करून सैल केल्यासारखा दिसला असता, आणि कोणी पुन्हा विचारलं नसतं. लेक आरशातून तिच्याकडे बघत होती.

"नको," ती म्हणाली. "ते काय म्हणाले असते ते मला खरंच माहीत नाही. माझ्या नावाने लिहा." आणि त्याला चुकायला नको म्हणून तिने आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आडनावापर्यंत.